तुम्ही विचारलंत म्हणून : ‘त्याले समजत नाही काय?’

खर्रा (पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना) सोडवण्याचं काम करणाऱ्याला घरची माणसं हमखास एकच प्रश्न विचारतात. “एवढा शिकलेला माणूस. तोंड दोन बोटंबी उघडत नाही. तरी पानठेल्यावर उभा. त्याले समजत नाही काय?” बायको विचारते, आई विचारते, शाळेतले गुरुजीही विचारतात. विचारणाऱ्यानं मनात उत्तर ठरवलेलं असतं : माणूस एकतर मूर्ख आहे, नाहीतर निर्ढावलेला. तोंडाच्या कॅन्सरची चित्रं तुम्ही पाहिलीत, त्यानंही पाहिलीत. म्हणून आज फक्त डोक्याबद्दल सांगतो.

त्याला समजतं. तुमच्याइतकंच समजतं.

तंबाखूतलं निकोटीन हे उत्तेजक आहे. नागपूरच्या बातम्यांत येणाऱ्या एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाइतकं ते जोरकस नाही, पण मेंदूत डोपामिन, म्हणजे ‘हे पुन्हा हवं’ असं वाटायला लावणारं रसायन, वाढवण्याचं काम दोन्ही करतात. खर्ऱ्यात चुन्याची करामत मोठी असते. चुन्यामुळे थुंकीतला आम्लपणा जातो, निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या अस्तरातून थेट रक्तात उतरतं. सुपारीतल्या अरेकोलीनचीही मेंदूला वेगळी सवय लागते. म्हणजे पन्नीत घोटलेली ती एक पुडी असली, तरी व्यसनं दोन असतात.

निकोटीन रोज मिळायला लागलं की मेंदू ते पकडणारे रिसेप्टर वाढवतो. रक्तातलं निकोटीन साधारण २ तासांत निम्मं होतं. ते उतरलं की वाढलेले रिसेप्टर रिकामे राहतात. मग चिडचिड होते, लक्ष लागत नाही, समोरचा बोलतो ते अर्धंच डोक्यात शिरतं. पुढचा खर्रा तोंडात गेला की सगळं जागेवर. “खर्ऱ्याबिगर डोकं चालत नाही” असं तो म्हणतो ते त्याच्या अनुभवाचं असतं. फक्त तो खड्डा खर्ऱ्यानंच खणलेला असतो आणि खर्रा तेवढाच बुजवतो. एक कबूल करतो : निकोटीननं लक्ष थोडं तरतरीत होतं, तंबाखू न खाणाऱ्यांवरच्या चाचण्यांतही ते दिसलंय. हे लपवून समजवायला गेलं की तो तुमचं बाकीचंही ऐकत नाही.

आता एका शेतकऱ्याचं सांगतो, कारण सगळा प्रश्न त्याच्या एका सकाळीत आहे. त्यानं स्वतःहून खर्रा सोडला होता. तिसरा दिवस. निकोटीन सुटल्यावरचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी होती. पाठीवरचा १५ लिटरचा पंप, औषधाचं माप झाकणानं. रात्रभर झोप नाही. पंपात पाणी भरलं, झाकण ओतलं, तेवढ्यात बांधावरून कुणीतरी हाक मारली. परत वळला तर औषध टाकलं की टाकायचं राहिलं, हे काही केल्या आठवेना. पाण्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, आणि पुन्हा झाकण ओतलं. हात थरथरत होता, तर दुसरं झाकण काठोकाठ भरलं आणि बोटांवरून सांडलं. पुढच्या पंपाला तेच. दोन दिवसांनी त्या ओळींतल्या पानांच्या कडा करपल्या. त्याआधी, त्याच दुपारी, तो पानठेल्यावर गेला. खर्रा तोंडात धरून थोडा वेळ झाला आणि डोकं स्वच्छ झालं. किती पंप मारले, किती बाटली उरली, सगळा हिशेब बरोबर लागला. घरी बायको म्हणाली, “पऱ्हाटी जाळली अन् वरून खर्रा खाऊन आले! तुमाले समजत नाही काय?” तो म्हणाला, “खर्रा नव्हता म्हणूनच जळली.”

या वाक्यापुढे कॅन्सरचं चित्र टिकत नाही. स्वतःच्या शेतात, स्वतःच्या हातानं त्याला पुरावा मिळाला होता. पुरावा चुकीचा होता, कारण ते डोकं बिनखर्ऱ्याच्या माणसाचं नव्हतं, तीन दिवसांपूर्वी सोडलेल्या माणसाचं होतं. मेंदूची चित्रं घेऊन केलेल्या अभ्यासात सिगारेट सोडणाऱ्यांचे वाढलेले रिसेप्टर ६ ते १२ आठवड्यांत न ओढणाऱ्यांइतके झालेले दिसलेत. तेवढा काळ तो थांबलाच नाही, मग त्याला तुलना कशाशी करता येणार?

कपाळामागचा जो भाग “आत्ताचं” आणि “पुढचं” तोलतो, त्याची पकड या दिवसांत ढिली पडते. त्यात खुणा आड येतात. डोपामिन पुढेपुढे खर्ऱ्याच्या आधीच उसळायला लागतं : पन्नीचा आवाज, जेवण झालं की धुतलेले हात, ठेल्यावरची ओळखीची माणसं. राज्यात २०१२पासून गुटखाबंदी आहे, पण खर्रा ठेल्यावर समोरच घोटला जातो. तलफ काही मिनिटांत ओसरते, पण ठेल्यापुढून जाणाऱ्याला तेवढी मिनिटं कोण देतं?

निकोटीनच्या च्युइंगगमचंही इथंच बिनसतं. खर्रा चघळायची सवय, म्हणून तो गमही तसाच भराभर चावतो, थुंकी गिळतो, उचक्या लागतात, मळमळतं, आणि “गोळी बेकार” म्हणून फेकून देतो. गम हळू चावायचा, तिखटसर झिणझिण आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, झिणझिण गेली की पुन्हा चावायचा. असं अर्धा तास. आधी १५ मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा, लिंबू काही नको, आम्लानं निकोटीन शोषलं जात नाही. तोंड उघडत नसेल तर गम चावणंच अवघड, मग डॉक्टरांना कातडीवर चिकटवायच्या निकोटीनच्या पट्टीबद्दल विचारा. आणि सुपारीची तलफ यातल्या कशानंच भागत नाही, हे आधीच सांगून ठेवा.

पूर्वी “हा मेंदूचा आजार आहे” एवढं म्हटलं की मला पुरेसं वाटायचं. आता वाटत नाही. आजार म्हटलं की घरचे शिव्या थांबवतात हे खरं, पण तोही हातपाय गाळून बसतो. आणि कुणाच्याही औषधाशिवाय खर्रा सोडलेली माणसं प्रत्येक गावात आहेत, त्यांचं काय म्हणायचं? त्याच्यावर जबाबदारी किती टाकायची, याचं माप मला अजून सापडलेलं नाही.

तेव्हा “समजत नाही काय” विचारण्याऐवजी तारीख ठरवायला त्याच्याजवळ बसा. पेरणी, फवारणी, कापूस विकायचे दिवस टाळा. पहिला आठवडा औषधाचं माप, पैशाचा हिशेब आणि लांबची मोटरसायकल दुसऱ्या कुणाकडे द्या. तिसऱ्या दिवशी तो जे बोलेल त्यावर भांडू नका. १८००-११२-३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी फोन फुकट आहे. तो नंबर त्याच्या मोबाईलमध्ये तारखेच्या आधीच टाकून द्या.