गच्चीवरच्या लाल कोळ्याची नोंदवही

लाल कोळी म्हणजे पानांतला रस शोषणारा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव. तो माझ्या गच्चीवर आला, त्याची ही नोंद. आधी गच्चीची माहिती देते. कोथरूड, तिसरा मजला, दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन. सात गुलाब, पाच वांगी, जाळीवर चढवलेला घेवडा, चार मिरच्या, एक तुळस आणि कठड्याला लागून सहा झेंडू. झेंडू लक्षात ठेवा. शेजारच्या प्लॉटवर जुनी इमारत पाडून नवी चढतेय, त्यामुळे जानेवारीपासून सगळ्या पानांवर सिमेंटची पूड.

९ मार्च

गुलाबाच्या खालच्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखे फिकट ठिपके. धूळ असेल म्हणून ओल्या फडक्याने पुसलं, ठिपके तसेच. मग मी स्वतःच डॉक्टर झाले आणि निदान केलं, नत्र (नायट्रोजन) कमी पडतंय. शेंगदाणा पेंड आंबवून तिचं पाणी आठवड्यात दोनदा दिलं. पालवी काय सुंदर फुटली! जास्त नत्राच्या रसरशीत पानांवर कोळ्यांची वीण वाढते, हे नंतर कळलं. थोडक्यात, पाहुण्यांना पंगत मीच वाढली.

१७ मार्च

शेंड्याजवळ, पान आणि देठाच्या बेचक्यात बारीक जाळं. सासऱ्यांचं पोस्टाची तिकिटं बघायचं दहापटीचं भिंग कपाटात होतं, ते काढलं आणि पान उलटलं. नंतर हात दोनदा धुतले.

नाव लाल कोळी असलं तरी माझ्याकडचे बहुतेक पिवळट हिरवे होते, पाठीवर दोन्ही बाजूंना एकेक काळा डाग. दोन ठिपक्यांचा कोळी म्हणतात तोच. लांबी अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. मोठ्यांना आठ पाय, अंड्यातून नुकत्या निघालेल्या पिल्लांना सहाच. अंडी गोल, पारदर्शक, साबुदाण्याची अगदी सूक्ष्म आवृत्ती. सगळा संसार पानाच्या खालच्या बाजूला.

भिंग नसेल तर पांढऱ्या कागदावर पान झटका आणि अर्धा मिनिट थांबा. ठिपके चालायला लागले तर कोळी. बोटाने चिरडल्यावर कागदावर हिरवट किंवा तांबूस रेघ उमटते.

१९ मार्च

ही नोंद लिहायची लाज वाटते, पण लिहिते. एका दुकानात पान दाखवलं. काउंटरवरच्याने पानाकडे पाहिलं न पाहिलं आणि ‘हे मारा, सगळं जातं’ म्हणून इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची बाटली पुढे केली. खायच्या झाडांवर मारायचं धाडस झालं नाही, गुलाब आणि झेंडूवर मारलं. तेही वरून. उभ्या उभ्या, दहा मिनिटांत.

कोळी हा कीटक नाही. तो गोचिडाच्या आणि खऱ्या कोळ्याच्या गोतावळ्यातला. मावा-तुडतुड्यांचं औषध त्याचं काही बिघडवत नाही, उलट त्याला खाणारे जे मित्रकीटक असतात ते आधी मरतात. इमिडाक्लोप्रिडनंतर कोळी वाढल्याची उदाहरणं तर बागायतीत ठाऊकच आहेत. मला ती तेव्हा ठाऊक नव्हती.

२८ मार्च

दोन गुलाबांची खालची पानं तांब्याच्या रंगाची होऊन गळली. वांग्याची पानं पिवळी. घेवड्याच्या पानांवर वाळू सांडल्यासारखं दिसतंय. झेंडूच्या शेंड्यांवर तर जाळ्याचा तंबू, आणि त्याच्या टोकाला कोळ्यांचा गोळा लोंबतोय. असं लोंबून ते धागा सोडतात आणि वाऱ्यावर पुढच्या झाडाला जातात. माझ्या गच्चीवर वारा पश्चिमेचा. पश्चिमेच्या कठड्याला कोण? झेंडू.

कीड पळते म्हणून भाजीशेजारी झेंडू लावा, हा सल्ला मी स्वतः किमान दहा जणींना दिला आहे. झेंडूच्या मुळांचा मातीतल्या सूत्रकृमींवर, म्हणजे मुळांना लागणाऱ्या बारीक जंतांवर, परिणाम होतो, ते खरं. पण लाल कोळ्याला झेंडू अतिशय आवडतो. माझ्याकडे तो राखणदार नव्हता, बाळंतिणीची खोली होती. त्या दहा जणींची जाहीर माफी.

२९ मार्च

माझा आतेभाऊ मावळात गुलाबाच्या पॉलिहाऊसवर काम करतो. फोटो पाठवले. फोन आला: “ताई, ते खाली बसलेत आणि तू वरून पाऊस पाडतेस. आधी पाण्याने झोड त्यांना. औषधाचं नंतर बघू.”

त्यांच्याकडे कोळीनाशकं वेगळी असतात आणि तीही आलटून-पालटून मारतात, कारण हा प्राणी औषधाला फार लवकर सरावतो. बावीस-पंचवीस कुंड्यांसाठी त्यात पडू नकोस म्हणाला. मग एक प्रश्न विचारला, ज्याने माझं सगळं वेळापत्रक बदललं: “अंडी किती दिवसांत फुटतात, माहितीये?”

या उन्हात साधारण तीन दिवसांत. आणि अंड्यापासून अंडी घालणाऱ्या मादीपर्यंतचा प्रवास सात ते दहा दिवसांचा. एक मादी आयुष्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. नर नसला तरी घालते. त्यातून फक्त नर निघतात, आणि मग त्यांच्याशीच तिचं जमतं. म्हणजे एक मादी उरली तरी पुरे. आपण रविवारी मारतो आणि पुढच्या रविवारी मारतो, तेव्हा मधल्या आठवड्यात त्यांचं घर पुन्हा भरलेलं असतं. फवारणी रविवारवर नाही, अंड्यावर बेतायची.

३० मार्च

मोठा दिवस. जाळीवाले सगळे शेंडे आणि निम्म्याहून जास्त भाग पिवळा पडलेली पानं छाटली, थेट पिशवीत टाकून तोंड बांधलं. कंपोस्टच्या डब्यात नाही. झेंडू काढायला घेतले तर सासूबाई दारात उभ्या.

“फुलावरचं झाड उपटतेस?”

“आई, भिंगातून बघा एकदा.”

त्यांनी बघितलं, बराच वेळ. “ह्यांच्या भिंगातून हेच बघायचं राहिलं होतं,” म्हणाल्या आणि आत गेल्या. सहाच्या सहा झेंडू गेले. दसऱ्याला घरचा झेंडू हवा, ही अट मात्र आतून ऐकू आली.

मग पाण्याचा मार. पाइपला जोराच्या धारेचं तोंड, एका हाताने फांदी उलटी धरायची, दुसऱ्याने खालून वर धार. कुंडीवर प्लास्टिक बांधलं, नाहीतर माती वाहून जाते. सकाळी सातला केलं, म्हणजे पानं उन्हाआधी वाळतात. कठडे, कुंड्यांचे काठ, बांबू, सगळं धुतलं. कंबरेची वाट लागली. पण संध्याकाळी भिंगाने पाहिलं तर चालणारे फारच थोडे. अंडी मात्र जागच्या जागी.

३ एप्रिल

पाणी, आणि संध्याकाळी कडुलिंबाचं तेल. लिटरला पाच मिली. चार-पाच रिठे रात्रभर भिजवून उकळले, गाळले. तेल आधी त्या रिठ्याच्या पाण्यात घोटायचं, दुधासारखं झालं की मग साध्या पाण्यात. थेट पाण्यात ओतलंत तर तवंग वर आणि पंपातून आधी नुसतं पाणी, शेवटी नुसतं तेल. कपड्यांची पावडर वापरू नका. तेल आणि साबण अंगाला लागले तरच काम करतात, गुदमरवून मारतात. म्हणून पानाची खालची बाजू ओली झाली नाही तर फवारणी झालीच नाही असं समजा. मी स्टुलावर बसून, पंपाचा नोझल वर वळवून मारलं.

७ एप्रिल

घाई नडली. संध्याकाळी बाहेर जायचं होतं म्हणून घेवड्यावर दुपारी तीनला तेल मारलं. पारा ३९. दुसऱ्या दिवशी कोवळी पानं कडेने करपलेली. सहानंतरच मारा. आणि नवीन झाड असेल तर आधी एका फांदीवर मारून दोन दिवस वाट बघा.

गंधकाची भुकटी वापरू का, असं मैत्रिणीने विचारलं होतं. पाण्यात मिसळणारं गंधक कोळ्यावर चालतं, पण ३२ अंशांच्या वर पानं भाजतं, आणि तेलानंतर निदान दोन आठवडे तरी नको. पुण्याच्या एप्रिलमध्ये त्याला संधीच नाही.

११ एप्रिल, १५ एप्रिल

तेच. प्रत्येक झाडाचं एक पान दोऱ्याने खूण करून ठेवलं होतं, त्यावरची मोजणी: गुलाबाच्या पानावर ३० मार्चला चाळीसच्या पुढे मोजणं सोडलं होतं, १५ एप्रिलला सहा. वांग्यावर अजून पंधरा-सोळा. वांग्याचं पान लवदार, धार नीट पोचत नाही. तिथे ओल्या फडक्याने खालून पुसलं, एकेक पान. रेडिओ लावून बसलं तर जमतं.

१९ एप्रिल

वांग्याच्या पानाखाली काळा, गोल, चकाकता किडा. खसखशीपेक्षा किंचित मोठा. नखाने उडवणार होते, पण भिंग लावलं तर तो अंडं खात होता! कोळी खाणारा छोटा काळा ढालकिडा. आतेभावाला फोटो पाठवला, उत्तर आलं: “आता तेल बंद. त्याला जेवू दे.”

तेल बंद केलं. हातावर हात ठेवून बसणं हे सगळ्या मोहिमेतलं सर्वांत अवघड काम निघालं. फक्त पाणी, तेही हलकं, आणि ढालकिडे दिसतील त्या दोन वांग्यांना तेवढंही नाही.

मे

ऊन कडक, पण मोजणी वाढली नाही. दोन वेळा पाणी, कुंड्यांवर पालापाचोळ्याचं आच्छादन, गुलाबांवर हिरवी नेट. तहानलेल्या झाडावर कोळी लवकर माजतो. धुळीसाठी दर तीन दिवसांनी पानं धुणं चालूच, कारण धुळीच्या पानांवर कोळ्यांचं फावतं आणि त्यांना खाणाऱ्यांची अडचण होते. बिल्डरला कोण सांगणार.

महिन्याच्या शेवटी वळवाच्या दोन सरी झाल्या. मी पाइपने दोन महिने जे करत होते ते त्यांनी वीस मिनिटांत केलं.

जुलै

हिशोब: एक गुलाब गेला, सहा फुललेत. घेवडा पूर्ण काढला. वांगी खालून छाटली होती, आता नव्याने फुटून फुलावर आहेत. मिरचीला फारसं काही झालंच नव्हतं. नवं रोप घरी आलं की दहा दिवस जिन्यात वेगळं राहतं, भिंग झाल्याशिवाय गच्चीवर प्रवेश नाही.

दसऱ्याचा झेंडू सासूबाईंनीच पेरलाय. दोनच कुंड्या, आणि त्या पूर्वेच्या बाल्कनीत, वाऱ्याच्या उलट्या बाजूला, हे तहात ठरलं. काल रोपं चार पानांवर आली. मी भिंग घेऊन गेले तर त्या आधीच तिथे खुर्ची टाकून बसलेल्या, चष्मा कपाळावर, एक पान उलटं धरून.

“काही नाहीये,” म्हणाल्या. “तू बघ परत.”