फळा न पुसता

जपानी शाळेत निरोपाचा शब्द रोज दुपारी उच्चारला जातो, हे क्योतोला जाईपर्यंत मला ठाऊक नव्हते. 'सायोनारा' हा शब्द तिथली मोठी माणसे एकमेकांना क्वचितच म्हणतात, कारण त्यात पुष्कळ दिवसांच्या ताटातुटीची छटा आहे. प्राथमिक शाळेत मात्र दिवस संपताना 'काएरि नो काइ' नावाची छोटी सभा भरते आणि तिच्या शेवटी सारा वर्ग उभा राहून शिक्षकांना व एकमेकांना खणखणीत आवाजात सायोनारा म्हणतो. या शब्दाचे मूळ 'तसे असेल तर' अशा अर्थाचे आहे, असे आमच्या दुभाष्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. शिक्षक-आदानप्रदान कार्यक्रमाचे दोन आठवडे मी तो रोज ऐकला; शेवटच्या दिवशी तो माझ्यासाठी असणार होता.

क्योतोच्या शाळांविषयी एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. जपानमध्ये राष्ट्रीय शिक्षणव्यवस्था 1872 मध्ये सुरू झाली. त्याच्या तीन वर्षे आधी, 1869 मध्ये, राजधानीचे स्थान गमावलेल्या या शहराच्या नागरिकांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांतून 64 प्राथमिक शाळा उभ्या केल्या. त्यासाठी त्यांनी जी वर्गणी दिली तिचे नावच 'चुलीचे पैसे' असे होते. घरात मूल असो वा नसो, चूल पेटते ना, मग शाळेसाठी पैसे द्यायचे. अशाच एका जुन्या शाळेच्या इमारतीत आता शालेय इतिहासाचे संग्रहालय आहे. तिथली घासून गुळगुळीत झालेली बाके पाहताना मला सर्वांत जास्त हेवा वाटला तो त्या चुलींचा.

शेवटच्या दिवशी तिसऱ्या तासाला मला पाचवीच्या वर्गावर समांतरभुज चौकोनाचे क्षेत्रफळ शिकवायचे होते. तास 45 मिनिटांचा, आणि मागे भिंतीला टेकून टिपणवह्या घेऊन उभे असलेले शाळेतील इतर शिक्षक. अशा पाठाची तिथे जुनी परंपरा आहे: एकाने शिकवायचे, बाकीच्यांनी मुले काय करतात ते पाहायचे आणि नंतर एकत्र बसून चर्चा करायची. पहिल्या आठवड्यात असाच एक पाठ देताना फळा भरला म्हणून मी सवयीने डस्टर उचलले होते, तेव्हा मागे जी अस्वस्थ शांतता पसरली ती मी विसरणार नाही. तिथे फळा तासाच्या मध्ये पुसत नाहीत. प्रश्न डावीकडे, मुलांच्या निरनिराळ्या रीती मध्ये, निष्कर्ष उजवीकडे, अशी त्याची मांडणी आधी कागदावर ठरवलेली असते. तास संपताना वर्गाने कुठून कुठवर विचार केला, ते सारे एका नजरेत दिसले पाहिजे. चुकलेली रीतसुद्धा पुसायची नाही. वीस वर्षे मी फळा पुसत आले आहे, आणि पुसण्याला मी स्वच्छता समजत होते!

या वेळी डस्टरला हात लावला नाही. एका मुलाने चौकोनाचा त्रिकोणी तुकडा कापून दुसऱ्या बाजूला जोडला आणि आयत बनवला. एका मुलीने लगतच्या दोन बाजूंचाच गुणाकार केला. दोन्ही रीती फळ्यावर राहिल्या, आणि त्या मुलीने थोड्या वेळाने स्वतःच उठून आपल्या उत्तरातली चूक दाखवली. नंतरच्या चर्चेत आधी सर्वांनी आभार मानले आणि मग एका ज्येष्ठ शिक्षकांनी अतिशय सौम्यपणे सांगितले, की ती मुलगी उठण्याआधी मी दोनदा तिच्याकडे पाहिले, तेवढेही पाहायला नको होते. दोन आठवड्यांत मला मिळालेला सर्वांत उपयोगी शेरा तो हाच.

आदल्या संध्याकाळी मी कितानो तेन्मांगू या देवळात जाऊन आले होते. विद्येची देवता मानल्या गेलेल्या सुगावारा नो मिचिझाने यांचे हे देऊळ. फेब्रुवारीचा शेवट असल्याने उमे, म्हणजे जपानी प्लमची झाडे फुलली होती आणि परीक्षार्थींनी लिहिलेल्या नवसाच्या लाकडी पाट्या एकमेकींवर लटकत होत्या. 901 मध्ये राजधानीतून हद्दपार होताना या विद्वानाने निरोप घेतला तो आपल्या अंगणातल्या उमेच्या झाडाचा, तोही कवितेत. मला मात्र निरोपासाठी जपानीतली तीनच वाक्ये पाठ होती आणि त्यांतले दुसरे ऐन वेळी आठवले नाही.

जेवणानंतर मुलांनी 'शिकिशी' दिली: चौरस जाड पुठ्ठा, मध्यभागी माझे नाव आणि भोवती चाकाच्या आऱ्यांसारखे प्रत्येकाचे दोन-दोन ओळींचे लिखाण. तो वाचायचा म्हणजे हातात फिरवत राहावे लागते. यजमान शिक्षिकेने खडूंची एक पेटी दिली. (आपल्या 'सर' आणि 'बाई' या दोन्हींना तिथे 'सेन्सेइ' हा एकच शब्द आहे, त्यामुळे दोन आठवडे आम्ही दोघी एकमेकींना तीच हाक मारत होतो.) तेवढ्यात त्या दिवशीच्या पाळीची दोन मुले डस्टर घेऊन फळ्याजवळ येऊन थांबली. शिक्षिकेने त्यांना हातानेच थोपवले, फळ्याचे छायाचित्र काढले आणि मगच मान हलवली.

विमान संध्याकाळचे असल्याने मला सभेआधीच निघावे लागले. प्रवेशद्वाराशी पाहुण्यांच्या सपाता काढून मी फडताळात ठेवल्या आणि पायरी उतरून बूट घातले. मुलांच्या पायांत शाळेच्या आत वापरायचे पांढरे बूट होते. ते घालून पायरी उतरता येत नाही, म्हणून सारा वर्ग पायरीच्या काठाला बोटे टेकवून रांगेत उभा राहिला आणि त्या दिवशीचा सायोनारा दोन तास आधीच म्हणून झाला. मी उत्तर देत होते तोच सफाईच्या तासाची घंटा वाजली, आणि फडकी आणायला मुले आत पळाली.