एवढ्याशा सिंगापूरला जगाची इतकी गरज का?

न्हावा शेवा बंदरातून माल सोडवायच्या धंद्यात माझं बहुतेक आयुष्य गेलं. बेलापूरच्या ऑफिसात नवी मुलं लागली की त्यांच्यातलं एखादं तरी हा प्रश्न विचारतंच. सोसायटीतल्या गप्पांतही तो येतो. सिंगापूरकडे एवढा पैसा, एवढं मोठं बंदर. मग ते सारखे संयुक्त राष्ट्रं, जागतिक व्यापार संघटना, हा करार, तो करार यांच्या मागे का असतात? ज्याच्याकडे आहे, त्याला दुसऱ्याच्या दारात जायची काय गरज? तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी आकार बघा. सिडकोच्या आखणीतली नवी मुंबई ३४४ चौरस किलोमीटर. सिंगापूर साधारण ७३५. म्हणजे दोन नवी मुंबया आणि वर थोडी जागा, तेवढ्यात साठ लाखांच्या आसपास माणसं. तेल नाही, खनिज नाही, शेती नावापुरती. खाण्यापिण्याच्या वस्तूंतलं ९० टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. आयात-निर्यात मिळून देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या तिपटीवर जाते. २०२४ मध्ये त्यांच्या बंदराने वीस फुटी डब्यांच्या हिशेबात ४ कोटी ११ लाख डबे हाताळले. आपल्या न्हावा शेव्याचा २०२४-२५ चा आकडा साधारण ७३ लाख. पण सिंगापूरच्या बंदरातले बहुतेक डबे त्यांचे स्वतःचे नसतातच. एका जहाजातून उतरतात, दुसऱ्यात चढतात आणि पुढे जातात. दुसऱ्यांचा माल, दुसऱ्यांची जहाजं, दुसऱ्यांचे ग्राहक. त्या सगळ्यांनी ठरलेले नियम पाळले तरच हा धंदा उभा राहतो.

पाण्याची गोष्ट ऐकलीत तर मुद्दा लगेच कळेल. नवी मुंबईचं पाणी मोरबे धरणातून येतं आणि ते धरण आहे रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात. उद्या त्यावरून वाद झाला, तर वर मंत्रालय आहे, त्याच्याही वर न्यायालय आहे. सिंगापूरचं बरंच पाणी शेजारच्या मलेशियातल्या जोहोरमधून येतं. १९६२ चा करार आहे : दिवसाला २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी, हजार गॅलनला ३ सेन (मलेशियाचे पैसे) दराने, २०६१ पर्यंत. ९ ऑगस्ट १९६५ ला सिंगापूर मलेशियातून वेगळा झाला. त्या दिवसापासून या दोघांच्या वर कुठलंही मंत्रालय राहिलं नाही. म्हणून विभक्त होण्याच्या करारातच पाण्याची हमी लिहून घेतली आणि तो करार संयुक्त राष्ट्रांकडे नोंदवला. २१ सप्टेंबरला, म्हणजे दीड महिन्याच्या आतच, सिंगापूर संयुक्त राष्ट्रांचा सदस्यही झाला. नव्या देशाला घरातली कामं काय कमी होती? तरी हे आधी केलं. पुढे त्यांनी सांडपाणी शुद्ध करून वापरलं, समुद्राचं पाणी गोडं केलं. पण कराराचा कागद आजही तितकाच जपून ठेवलाय.

पैसा असला की सगळं मिळतं, असं ज्यांना वाटतं त्यांना मी तांदळाचं उदाहरण देतो, कारण ते आपल्याकडचंच आहे. २० जुलै २०२३ ला भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. देशातले भाव चढत होते, सरकारला ते योग्य वाटलं. बंदी घातलेल्या मालाला भाव नसतो. तुम्ही दुप्पट द्या, तिप्पट द्या, तो जहाजात चढतच नाही. मग ऑगस्टअखेरीस भूतान, मॉरिशस आणि सिंगापूरसाठी वाट काढली गेली. सिंगापूरच्या वाट्याला ५०,००० टन आला. खास संबंध लक्षात घेऊन ही परवानगी दिली, असं आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने तेव्हा सांगितलं होतं. हे संबंध ऐन गरजेच्या वेळी जुळवता येत नाहीत. २००५ पासून दोन्ही देशांत सर्वंकष आर्थिक सहकार्याचा करार आहे. आपल्या उरणच्या बाजूला चौथं कंटेनर टर्मिनल चालवते तीही सिंगापूरचीच कंपनी. २०२२ च्या जूनमध्ये मलेशियाने कोंबड्यांची निर्यात थांबवली, तेव्हाही सिंगापूरला हेच अनुभवायला लागलं होतं.

आता समुद्र. माझ्या मते खरी गोम इथे आहे आणि लोकांना नेमकी हीच ठाऊक नसते.

मलाक्का आणि सिंगापूरची सामुद्रधुनी इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर यांच्या मधून जाते. फिलिप चॅनेलपाशी ती तीन किलोमीटरपेक्षाही अरुंद होते. पूर्वी किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंतचं पाणी देशाच्या मालकीचं धरत. एकेक देश ती हद्द बारा मैलांवर नेऊ लागला, तेव्हा अशा चिंचोळ्या वाटांवर मोकळा समुद्रच उरेना. वाट मालकीची झाली की मालक अडवू शकतो. सिंगापूरसारख्या देशाला तेवढ्यानेच कायमचं टाळं लागलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या तिसऱ्या परिषदेत त्यावर तोडगा निघाला : बारा मैलांची हद्द मान्य, पण आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या सामुद्रधुनीतून जहाजांना विनाअडथळा जायचा हक्क. ही परिषद वर्षानुवर्षं चालली. तिचे पहिले अध्यक्ष श्रीलंकेचे अमेरासिंघे. त्यांच्या निधनानंतर १९८१ मध्ये सिंगापूरचे टॉमी कोह अध्यक्ष झाले आणि १० डिसेंबर १९८२ ला जमैकात करारावर सह्या झाल्या. समुद्राची घटना म्हणावी असा हा दस्तऐवज, आणि त्याची शेवटची घडी बसवली एका चिमुकल्या देशाच्या माणसाने! मला याचं मनापासून कौतुक वाटतं. पाहुण्यासारखं कोपऱ्यात न बसता त्यांनी नियम लिहायचं काम अंगावर घेतलं. २०२३ मध्ये देशांच्या हद्दीबाहेरच्या समुद्रातल्या जीवसृष्टीचा करार झाला, त्या परिषदेच्या अध्यक्षही सिंगापूरच्याच, रीना ली.

नियम मागायचे तर ते आपल्या विरोधात गेले तरी मानावे लागतात. पेड्रा ब्रांका या खडकाच्या बेटावरून मलेशियाशी वाद होता. दोघे मिळून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. २००८ मध्ये बेट सिंगापूरला मिळालं, शेजारचे मिडल रॉक्स मलेशियाला. सिंगापूरने दोन्ही मानलं. १९८३ मध्ये अमेरिकेने ग्रेनाडा या लहानशा बेटावर सैन्य उतरवलं. अमेरिका सिंगापूरची जवळची मित्र, तरी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्यांनी निषेधाच्या ठरावाच्या बाजूने मत दिलं. मोठ्याने लहान्याच्या अंगणात घुसणं एकदा चालवून घेतलं, तर पुढचं अंगण कुणाचं, हे त्यांना नीट कळत होतं.

यावर कुणीतरी म्हणतंच, साहेब, मोठे देश नियम मोडतातच ना? मोडतात. जागतिक व्यापार संघटनेचं अपिलाचं मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंदच पडलंय, कारण अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवल्या. २००४ पासून अमेरिकेशी मुक्त व्यापार करार असूनही एप्रिल २०२५ मध्ये सिंगापूरच्या मालावर १० टक्के शुल्क बसलंच. सिंगापूरकडून अमेरिका जितकं घेते त्याहून जास्त ती त्याला विकते, हेही उपयोगी पडलं नाही. अशा वेळी लहान देशाचं नुकसान होतं, ते मी नाकारत नाही. पण सिंगापूर प्रत्युत्तराचं शुल्क लावायला जात नाही. ज्याचं पोटच आयातीवर, त्याने आयात महाग करून काय साधायचं? अपिलाचं मंडळ बंद पडलं, तेव्हा ज्यांना वाद नियमाने सोडवायचे होते त्या देशांनी २०२० मध्ये आपसात पर्यायी लवाद उभा केला, त्यात सिंगापूर आहे. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांत लहान देशांचा गट सुरू केला, तोही सिंगापूरच्याच पुढाकाराने, आणि आज त्यात शंभरावर देश आहेत.

मुलांना मी अजून एक सांगतो, ते तुम्हालाही सांगून ठेवतो. २००५ मध्ये ब्रुनेई, चिली, न्यूझीलंड आणि सिंगापूर या चार लहान देशांनी आपसात व्यापार करार केला. तेव्हा मोठ्या बाजारांनी त्याची फारशी दखल घेतली नव्हती. त्यातूनच पुढे पॅसिफिकच्या दोन्ही काठांवरचा मोठा व्यापार करार उभा राहिला. जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आत आले. अमेरिका वाटाघाटींत सामील झाली, सही केली आणि २०१७ मध्ये बाहेर पडली, तरी बाकीच्यांनी तो चालू ठेवला. १५ डिसेंबर २०२४ ला त्या करारात ब्रिटनही दाखल झाला, इतर सदस्यांनी घातलेल्या अटी मान्य करून.