सतरा विड्यांचं भाषण

बार्शी, मोहोळ, अक्कलकोटकडच्या छोट्या संस्थांमधली तरुण मुलं-मुली फोन करतात, इकडची तिकडची चौकशी होते आणि मग गाडी मुद्द्यावर येते. "काका, पुण्याला देणगीदार आणि सामाजिक संस्थांची विभागीय परिषद आहे. आम्हाला बोलावलंय. तयारी काय करायची?" काही जण तर सरळ पीपीटीचा नमुनाच मागतात. गेल्या महिन्यात असे चार फोन झाले. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो.

माझी ओळख एवढीच की बँकेत 31 वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावर सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अभ्यासिकेचा खजिनदार होऊन बसलो. विडी वळणाऱ्या बायकांची मुलं संध्याकाळी तीन तास तिथं येतात. 60 मुलं, दोन खोल्या, शिकवणाऱ्या तीन ताया. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गणिताच्या पुस्तकात तिसरीच भाषा. त्या कात्रीत सापडलेल्या पोरांना गृहपाठ समजावून सांगणारं कुणीतरी हवं, एवढंच आमचं काम. पुरस्कार मिळावा असं त्यात काही नाही.

पहिल्यांदा अशा परिषदेला गेलो तेव्हा माझी तयारी जय्यत होती. इस्त्रीचा सदरा, 200 व्हिजिटिंग कार्डं, 34 स्लाइडी. जेवणाच्या रांगेत एका कंपनीचे साहेब शेजारी आले. ताटात कोशिंबीर घेता घेता त्यांनी विचारलं, "सोलापुरात मेन प्रॉब्लेम काय आहे?" सोलापूरकराला हे विचारल्यावर तो काय सांगणार? मी म्हणालो, "पाणी." खोटं काहीच नव्हतं. आमच्याकडं नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येतं आणि ते रात्री किती वाजता येणार यावर बायकांची झोप ठरते. पण अभ्यासिकेला त्या वर्षी पाहिजे होता तिसऱ्या ताईचा पगार. तो बाजूलाच राहिला.

दोन महिन्यांनी दारात टेम्पो उभा. त्यातून माणसाच्या उंचीचं पाणी शुद्ध करायचं यंत्र उतरलं. नारळ फुटला, फोटो निघाले. पुढच्या आठवड्यात कळलं की हे यंत्र हंडाभर पाणी गाळायला त्याहून जास्त पाणी मोरीत सोडून देतं. पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात! आता त्याच्यावर हजेरीपटांचे गठ्ठे असतात. त्या साहेबांना मी कधी दोष दिला नाही. पाणी मीच मागितलं होतं की. दात्याच्या नावाची पाटी मुलं अजून दर शनिवारी फडक्यानं पुसतात.

तेव्हा तयारी म्हणाल तर ही पहिली. काय मागायचं ते घरून ठरवून निघा आणि तेच मागा, समोरच्यानं कितीही मोठा प्रश्न विचारला तरी. आम्ही मागतो पगार आणि भाडं. मुश्कील तिथंच आहे, कारण पगार आणि भाडं द्यायला कुणालाच आवडत नाही. संगणकावर नाव घालता येतं, बाकावर घालता येतं, ताईवर कुठं घालणार?

त्यासाठी मी एक कागद करतो. एकच, पाठकोरा. खोल्यांचं भाडं 5,500, तिघींचं मानधन 18,000, वीज 1,200, मुलांचे शेंगदाणे-गूळ 2,300. महिन्याचे झाले 27,000. भागिले 60, म्हणजे मुलामागे 450. महिन्यात 25 दिवस धरले तर रोजचे 18 रुपये. बाकी सगळ्या स्लाइडी विसरल्या जातात, हा 18 चा आकडा राहतो. पण तो खरा पाहिजे. मागं एका मुलानं मला त्याचा कागद दाखवला, त्यात भाडंच नव्हतं. का, तर खोली मामाची! मामानं उद्या भाडेकरू ठेवला तर? फुकट मिळालेल्या गोष्टीचीही किंमत लिहा आणि पुढं 'मिळाली' म्हणून नोंदवा.

"म्हणजे यातले 18,000 पगारातच जातात?" हा प्रश्न हमखास येतो. पूर्वी मी ओशाळायचो. आता सांगतो की होय, कारण शिकवणं हेच काम आहे आणि ते पंखा करत नाही, ताई करते. कुणी सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाच्या, नियमातली 5 टक्क्यांची मर्यादा पुढं केली तर घाबरू नका. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर-प्रशासनाच्या खर्चाला आहे. प्रत्यक्ष प्रकल्पावर राबणाऱ्या माणसाचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च. शांतपणे सांगायचं, आवाज चढवायचा नाही. बँकेत मी हेच शिकलो, नियम माहीत असलेल्या माणसाला ओरडावं लागत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135. नक्त मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चायची. आमचे चादर-टॉवेलवाले बरेचसे या उंबरठ्याच्या आतच येत नाहीत. ते देत नाहीत असं नाही हं. नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाला, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत अन्नदानाला हाच माणूस हात सैल सोडतो आणि पावतीही मागत नाही. पण वर्षभराच्या पगाराचा विषय काढला की चहा मागवतो. (सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात इथं तळं खोदवलं. तेव्हा 'इम्पॅक्ट' किती झाला ते कुणी विचारलं नसावं.) मोठ्या कंपन्या पुणे-मुंबईकडच्या, आणि आपल्या कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो. म्हणून निघण्यापूर्वी परिषदेला येणाऱ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर जाऊन त्यांचं सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्प बघा. ते तिथं टाकणं त्यांना बंधनकारक आहे. ज्यांच्या यादीत सोलापूर जिल्हा नाही आणि शिक्षणही नाही, त्यांना नमस्कार करायचा आणि पुढं सरकायचं.

कागदपत्रांची फाइल सगळ्यांना माहीत असते, तरी तिथंच घोडं पेंड खातं. संस्था नोंदणीचा 1860 चा आणि सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा 1950 चा, अशा दोन्ही कायद्यांखालची नोंदणी, आयकर सवलतीची 12ए आणि 80जी ही प्रमाणपत्रं, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, नीती आयोगाच्या 'दर्पण' संकेतस्थळावरचा क्रमांक, आणि 1 एप्रिल 2021 पासून सीएसआरचा पैसा घ्यायचा तर सीएसआर-1 या अर्जाचा नोंदणी क्रमांक. एवढं सगळं आमच्याकडं होतं. एका बाईंनी परिशिष्ट-1 वर, म्हणजे विश्वस्तांच्या यादीवर, बोट ठेवून विचारलं, "या सद्गृहस्थांना भेटता येईल का? आमच्या गावचेच दिसतात." मी म्हणालो, "ते वारले." "कधी?" "चार वर्षं झाली." विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. आम्ही शोकसभा घेतली होती, मासिकात फोटो छापला होता, फक्त अर्ज द्यायचा राहिला होता. बाई काही बोलल्या नाहीत. फाइल मिटून त्यांनी इतक्या हळुवारपणे परत दिली की त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

फोटोंबद्दल एवढंच की मुलांचे चेहरे नेत नाही. दप्तरांची रांग, वह्या, फळा पुरतो. शेंगाचटणीची पाकिटं नेतो, पण वेगळ्या पिशवीत. एकदा तेल सुटून 80जी पारदर्शक झालं होतं.

आता भाषण. दोन मिनिटं बोलायला मिळतात आणि सगळेजण पाच मिनिटांचं घेऊन येतात. माझी तालीम होते अभ्यासिकेसमोरच्या अक्कांच्या ओट्यावर. त्यांची नात आमच्याकडं येते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि मापात कापलेली ओलसर पानं. डाव्या हातावर पान, त्यावर चिमूट, दोन बोटांत वळण, टोक आत मुडपायचं, दोऱ्याचा एक वेढा, की विडी तयार. नजर माझ्याकडं, हात आपले चालूच. पहिल्यांदा मी सगळं भाषण म्हणून दाखवलं आणि विचारलं, "कसं झालं?" त्यांनी सुपाच्या कडेला ठेवलेल्या विड्या बोटानं मोजल्या.

"सतरा."

"काय सतरा?"

"तुमचं बोलणं होईपर्यंत सतरा झाल्या. हजारावर मजुरी मिळते सर, आम्हाला एकेक कळते."

मग मी कापत गेलो. सोलापूरचा गिरण्यांचा इतिहास गेला, डॉ. कोटणीस गेले, महिला सबलीकरण गेलं. चार दिवसांत दहावर आलो. त्यात एक वाक्य होतं, 'व्यसनी नवऱ्यांमुळे खचलेल्या या माउल्या'. ते मला फार आवडायचं. सभागृहात त्या ठिकाणी शांतता पसरते हे मी अनुभवलं होतं. तिथं आल्यावर अक्कांचा हात थांबला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

"माझा नवरा दारू पीत नाही," त्या म्हणाल्या. "यंत्रमागावर असताना कान गेले त्याचे, म्हणून घरी बसलाय. तुम्ही तिकडं जाऊन सगळ्यांच्याच नवऱ्यांना पाजता काय?"

मी काय बोलणार? वाक्य खोडलं. त्या जागी काय घालू म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, घालू नका, तेवढ्या दोन विड्या वाचतील. मग त्यांनी स्वतःच विचारलं की त्या पुण्याच्या लोकांना तीन तास म्हणजे काय ते माहीत आहे का. पोर तीन तास अभ्यासिकेत असली की तिला दोरा बांधायला बसवावं लागत नाही, आणि तिला नाही बसवलं तर घरातल्या विड्या किती कमी होतात, हे सांगितलंत का? नव्हतं सांगितलं. मला स्वतःलाच माहीत नव्हतं. आमच्या 18 रुपयांच्या हिशोबात आयांचा हा वाटा कुठंच नव्हता. आता आहे, मामाच्या खोलीसारखा, 'मिळाला' म्हणून नोंदवलेला.

परवा पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची आहे. काल ओट्यावर नवीन भाषण म्हणून दाखवलं. अक्कांनी मोजलं, सात झाल्या. त्यांच्या मते शेवटचा 'धन्यवाद' फार लांबतो.