पडद्याआडचे दान

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा पात्रे रंगवून, फाशांच्या दानावर खेळायचा साहसकथेचा खेळ. तो खेळताना डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, आपल्यापुढे पुठ्ठ्याचा एक पडदा उभा करतो आणि शत्रूंचे फासे त्याच्या आड टाकतो. पडलेले दान एक आणि सांगितलेले दुसरेच, अशी सोय त्या पडद्यामुळे आपोआप होते. खेळणारे तिला 'फजिंग' म्हणतात. मीही पूर्वी हे करत असे. आता करत नाही, आणि त्याचे कारण एका विझर्डशी, म्हणजे जादूगार पात्राशी, निगडित आहे.

आमच्या पहिल्याच मोहिमेत पहिल्या पातळीची चार पात्रे जंगलातून चालली होती आणि वाटेत चार गॉब्लिन, म्हणजे छोटे राक्षस, दबा धरून बसले होते. एका मैत्रिणीच्या विझर्डकडे अवघे ८ हिट पॉइंट होते; नुकसानीने हे गुण संपले की पात्र कोसळते. गॉब्लिनच्या साध्या वाराचे नुकसान एका सहापैलू फाशावर २ मिळवून मोजतात, म्हणजे तो एका फटक्यात तिला आडवे करील ही शक्यता सहात एक. पण वार लागतो की हुकतो हे ठरवणाऱ्या वीसपैलू फाशावर २० पडले, म्हणजे 'क्रिटिकल हिट' झाली, की नुकसानीचे फासे दुप्पट होतात आणि तीच शक्यता ३६ पैकी २६ वर जाते. माझ्या पडद्याआड २० पडले आणि पाठोपाठ ५ व ४. त्या पात्राचे पूर्वायुष्य तिने आठवडाभर खपून लिहिले होते, त्यामुळे मी मुकाट्याने फासे उचलले आणि वार हुकल्याचे जाहीर केले. वास्तविक ती लगेच मेली नसती. बेशुद्ध पडली असती, साथीदारांना लढाई सोडून तिच्याकडे धावावे लागले असते, आणि कदाचित तीच त्या संध्याकाळची सर्वांत चांगली गोष्ट ठरली असती.

कित्येक महिन्यांनी गप्पांच्या ओघात मी हे बोलून गेलो. ती रागावली नाही, एवढेच म्हणाली, "म्हणजे मी तुमच्यात लिंबूटिंबूच होते की!" हा शब्द मला लागला, कारण तो अगदी नेमका होता. गल्लीतल्या खेळात लहान भावंडाला लिंबूटिंबू म्हणून घेतात तेव्हा ते डाव सुरू होण्यापूर्वी सर्वांसमक्ष ठरते आणि त्यात कोणाची फसवणूक होत नाही. मी तिला न विचारता, तिच्या नकळत लिंबूटिंबू केले होते, आणि ती मात्र त्या लढाईतून आपण नशिबाने वाचलो असे सगळ्यांना सांगत होती.

फजिंगच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे मोठे आधार आहेत, हे मान्य केले पाहिजे. २०१४ च्या डंजन मास्टरच्या मार्गदर्शक पुस्तकात, लागोपाठ दोन क्रिटिकल हिटनी पात्र मरणार असेल तर दुसरी साध्या वारात बदलावी, किंवा हुकल्याचेही सांगावे, अशी मुभा दिलेली आहे. या खेळाचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांनीही १९७९ मध्ये फाशांवर मात करण्याचा अधिकार डंजन मास्टरकडेच ठेवला होता. मात्र चांगले खेळूनही दुर्दैवाने मेलेल्या पात्रासाठी त्यांनी जे सुचवले, ते माझ्या लबाडीपेक्षा फार वेगळे आहे: मरणाऐवजी ते बेशुद्ध पडावे, त्याचा एखादा अवयव किंवा डोळा जावा. म्हणजे दान पुसायचे नाही, त्याची किंमत बदलायची.

शिवाय ज्याला मी दुर्दैव समजत होतो ते गणितात आधीच होते. चार गॉब्लिन तीन फेऱ्या लढले की बारा वेळा फासा पडतो, आणि त्यात निदान एकदा २० येण्याची शक्यता सुमारे ४६ टक्के असते. ज्या दानाचा परिणाम आपल्याला सोसणार नाही, तो प्रसंगच तसा मांडू नये. दोन गॉब्लिन कमी ठेवणे माझ्या हातात होते. याउलट ड्रॅगनसारखा मोठा शत्रू पहिल्याच मंत्राने गारद होऊ नये, म्हणून या खेळाने 'लेजेंडरी रेझिस्टन्स' हा नियमच केला: फसलेला बचाव तो दिवसातून ठरावीक वेळा, बहुधा तीनदा, यशस्वी करून घेऊ शकतो. गरज तीच, पण उपाय उघड आणि मोजलेला असल्यामुळे खेळाडू त्या तीन संधी संपवण्याचे डावपेच आखू शकतात. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या अशाच दुसऱ्या खेळाने तर २०१० मध्ये खेळ चालवणाऱ्याच्या हातून फासेच काढून घेतले.

आता लढाईतले फासे मी टेबलाच्या मधोमध टाकतो आणि पडदा फक्त नकाशे झाकतो. एक प्रश्न मात्र माझ्यापुरता सुटलेला नाही. गॉब्लिनचे हिट पॉइंट २०१४ च्या पुस्तकात ७ छापलेले असले, तरी ते दोन सहापैलू फाशांचे सरासरी दान आहे, म्हणजे २ ते १२ मधला कोणताही आकडा नियमात बसतो. लढाईपूर्वी त्यातला एक निवडणे मला योग्य वाटते. पण लढाई रेंगाळू लागली, खेळाडूंचे लक्ष घड्याळाकडे गेले, की माझ्या वहीतला ९ चा आकडा आजही कधीकधी गुपचूप ६ होतो.