समासातली आत्या

पूर्वज शोधायचे म्हटले की पहिली आठवण जनगणनेची होते, आणि भारतात ती आशा लगेच सोडावी लागते. 1881 पासून 2011 पर्यंत आपल्याकडे दर दहा वर्षांनी घरोघर माणसे मोजली गेली; परंतु कोष्टके तयार झाली की माणसामाणसाच्या नोंदी नष्ट केल्या जात, आणि 1948 च्या जनगणना कायद्याचे कलम 15 तर त्या कोणाला पाहूच देत नाही. इंग्लंडमध्ये शंभर वर्षांनी घरोघरचे तक्ते खुले होतात; 1921 चे तक्ते 2022 च्या जानेवारीत खुले झाले. (1931 चे मात्र 1942 च्या आगीत जळाले, हे वाचून उगीचच थोडे बरे वाटते.)

आम्हा वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांना आधार आहे तो चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वहीचा. बाप्तिस्मे आणि विवाह नोंदवून ठेवण्याचे बंधन कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये धर्मगुरूंवर घातले, तेव्हा वसईवर पोर्तुगिजांचा अंमल होता. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला आणि तो अंमल संपला, पण वही लिहिण्याची रीत संपली नाही.

नोंद असते चार ओळींची: बाळाचे नाव, तारखा, आईवडील, धर्मपिता आणि धर्ममाता (बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची जबाबदारी घेणारे) आणि धर्मगुरूंची सही. घरातला पास्कू जुन्या पानांवर पास्कोआल होतो, पण खरी अडचण ती नव्हे. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या रीतीमुळे एकाच नावाआडनावाची इतकी बाळे भेटतात की वडिलांच्या नावावरूनही उलगडा होत नाही, कारण तीही तीच असतात. अशा वेळी धर्ममातापिता उपयोगी पडतात. ते बहुधा मामा, मावशी, आत्या अशा जवळच्या नात्यातले असल्यामुळे, एका आईच्या सगळ्या मुलांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की तिचे माहेर हळूहळू कळू लागते. घरोघरच्या वंशावळीत मुलींना जागाच नसते. इथे मात्र प्रत्येक बाळामागे आई नावानिशी उभी असते.

मला सर्वांत प्रिय आहे तो वहीचा समास. 1908 पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे लग्न कुठेही लागले तरी ते वधूवरांच्या मूळ चर्चला कळवायचे आणि तिथे बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लिहायचे, असे ठरले. त्यामुळे सासरी गेलेल्या मुलीचा ठावठिकाणा तिच्या माहेरच्याच वहीत मिळू शकतो. आजोबांच्या एका आत्याबद्दल घरात "मुंबईकडे दिली" यापलीकडे कोणी काही सांगत नसे. ती मला समासात सापडली, नवऱ्याच्या नावासह आणि माझगावच्या चर्चसह.

समास कोरा असला म्हणून मुलगी अविवाहित राहिली, असे मात्र धरू नये. तिकडून कळवायचे राहून गेले असेल, पत्र वाटेत हरवले असेल किंवा इथे ते वहीत उतरवलेच नसेल. मग विवाहाच्या वह्या, मृत्यूच्या वह्या आणि आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या यांच्याकडे वळावे लागते. त्यातही म्हाताऱ्यांकडे आधी जावे.