फक्त तारीख रिकामी होती

अमळनेर तालुक्यातल्या एका बँक शाखेत मी पेन्शनचं टेबल सांभाळत होतो तेव्हाची ही गोष्ट. आता फौजेची पेन्शन 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीतून येते. त्या वेळी माजी सैनिकांच्या पीपीओपासून, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशापासून, हयातीच्या दाखल्यापर्यंत सगळं आमच्याच कपाटात असायचं.

हवालदार आबा वारले आणि महिनाभराने त्यांची मोठी लेक आईला घेऊन शाखेत आली. सैनिकाच्या विधवेची केस आली की मला आधी धास्तीच वाटायची. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. पलटणीच्या रेकॉर्डला माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी. मग प्रतिज्ञापत्र करा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, रेकॉर्ड ऑफिसला लिहा, प्रयागराजच्या लष्करी पेन्शन कार्यालयातून सुधारित पीपीओ येण्याची वाट बघा. तोवर त्या बाईच्या हातात दमडी नाही. हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं की मावशींना खुर्ची देतानाच पुढचं कसं सांगावं, याची जुळवाजुळव करत होतो.

लेकीने खाकी कापडाची पिशवी टेबलावर उघडली. डिस्चार्ज बुक, पीपीओ, दोघांचा जोडफोटो, आणि बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसचा कागद: पत्नीचं नाव आणि जन्मतारीख दुरुस्त केल्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या नोंदीतला अधिकृत बदल, बरीच वर्षं आधीची. आधारशी अक्षर न् अक्षर जुळत होतं. त्याखाली कुटुंब निवृत्तीवेतनाचा अर्ज होता, आबांनी स्वतः भरलेला. ठसठशीत, सरळ अक्षर. खाते क्रमांक, पलटण, हुद्दा, वारसाचं नाव, सगळं जागच्या जागी. फक्त मृत्यूच्या तारखेची जागा रिकामी होती.

मी पेन हातात घेतलं आणि थांबलो. लेक म्हणाली, "दादा, तुम्हीच लिहा. आमच्यानं होत नाही."

आबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे, म्हणजे जंगी पलटणीचे. डिसेंबर 1971 मध्ये ही पलटण जमालपूरला लढली आणि टांगाईलच्या वाटेने ढाक्यापर्यंत गेली. त्याबद्दल आबा माझ्याशी एकदाच बोलले. रात्रभर गोळीबार चालला होता, आणि उजाडल्यावर ओळखीची तोंडं शोधत फिरलो, एवढंच.

मुलींबद्दल मात्र त्यांना किती बोलू असं व्हायचं. तिन्ही लेकीच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला माहेरी आणायला मुराळी जातो, बहुतेक तिचा भाऊ. यांना भाऊ नाही म्हणून दरवर्षी आबाच मुराळी व्हायचे. एकीचं सासर चोपड्याकडे, दुसरीचं पारोळ्याला, तिसरीचं धुळ्याला. उन्हातान्हात एसटीने जाऊन तिघींना आणायचे आणि झोका बांधायला स्वतः लिंबावर चढायचे. सत्तरीतही चढले, हे सांगताना लेक रडता रडता हसली.

नाव दुरुस्त करायला ते खास बेळगावला गेले होते, हेही तिनेच सांगितलं. घरच्यांनी विचारलं, एवढी घाई कशाला? तर म्हणाले, "मना मांगे तिले वनवन नको." माझ्यामागे तिला वणवण नको. प्रेम म्हणजे काय, याचं याहून खरं उदाहरण मी तरी पाहिलेलं नाही.

मी तारीख लिहिली. सही कुठे करायची ते दाखवलं. मावशींनी पेन घट्ट धरून पूर्ण नाव लिहिलं, अंगठा नाही. "त्यांनी शिकवलं. सुट्टीवर आले की पाटीवर गिरवून घ्यायचे," त्या म्हणाल्या.

कुटुंब निवृत्तीवेतन साधारणपणे शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, आणि सातव्या वेतन आयोगानुसार किमान 9,000 रुपये. वयाची 80 वर्षं झाली की त्यात 20 टक्के वाढ. मी मावशींना हे दोनदा समजावून सांगितलं आणि कागदावर लिहूनही दिलं. त्यांची पेन्शन पुढच्याच महिन्यात सुरू झाली.

त्यानंतर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येणाऱ्या प्रत्येक फौजीला मी थांबवून घ्यायला लागलो. "बसा काका. घरी काकूंचं आधार आहे ना? पीपीओवरचं नाव त्याच्याशी जुळतं का, ते आजच बघून घेऊ."